अकरा पिल्लं, सात मोठे

शाळा सुटायच्या वेळी त्या रस्त्यावरून जी पोरं जायची, त्यांतल्या निम्म्यांच्या अंगावर एकाच माणसाचे टाके असायचे. निळे फ्रॉक, निळ्या पँटी, पांढरे शर्ट. शिंपी दुकानाच्या दारात उभा राहून त्यांच्याकडे पाहायचा, पण चेहरे त्याच्या फारसे लक्षात राहत नसत. तो खांदे पाहायचा, बाह्या पाहायचा, फ्रॉकचा घेर गुडघ्याच्या किती वर चढलाय ते पाहायचा. "त्या लंबूची पँट आखूड झाली," असं स्वतःशीच पुटपुटायचा आणि आठवड्याभरात लंबूची आई पँट घेऊन दारात हजर व्हायची. मग शिंपी दुमड उसवायचा आणि आत राखून ठेवलेलं कापड बाहेर काढायचा. शिंपी लोक त्याला माया म्हणतात. आजूबाजूचे शिंपी एक इंच माया ठेवायचे, हा अडीच इंच ठेवायचा. पोरं वाढतातच, त्यांना जागा नको का, असं त्याचं सरळ म्हणणं.

खोड एकच होती. सांगितलेल्या दिवशी कपडा तयार नसायचा. "अजून दोन दिवस," तो म्हणायचा, तेही तोंडातल्या टाचण्या न काढता. गिऱ्हाइकांना त्याचे दोन दिवस चांगले ठाऊक होते. ती कपाळाला हात लावून परत जायची आणि पुढच्या आठवड्यात यायची.

दुकानामागे दोन खोल्या होत्या. कापायच्या टेबलावरून मान वर केली की समोर दिसेल अशी, आतल्या खोलीच्या दाराशी, माशांची टाकी होती. टाकी बायकोची. काजं करायचं, बटणं लावायचं काम तिच्याकडे असायचं आणि ते करताना ती टाकीकडे तोंड करून बसायची. मुलगी रांगायला लागल्यापासून बटणांच्या डब्यात हात घालून बसायची, म्हणून तिचं नावच बटण पडलं. आता ती सहा वर्षांची होती.

टाकीत सात गप्पी मासे होते. त्यांतल्या एका नारिंगी नराच्या शेपटीचा तुकडा पंपाच्या जाळीत अडकून तुटला होता. बायको त्याला फाटक्या म्हणायची. "एवढे मोठे शिंपी तुम्ही, याला जरा रफू करा की," असं ती नवऱ्याला दर दोन-चार दिवसांनी ऐकवायची आणि प्रत्येक वेळी स्वतःच हसायची.

पिल्लं झाली की मात्र ती हसण्यावारी काही न्यायची नाही. मासेवाला तिला पहिल्या दिवसापासून बजावत होता, की पिल्लं ताबडतोब वेगळ्या डब्यात काढा, मोठे मासे पोटची पिल्लं गिळतात, त्यांना कळत नाही. तिने त्याचं कधीच ऐकलं नाही. पिल्लांनी मोठ्यांजवळच वाढायचं, हा तिचा हट्ट. त्यासाठी टाकीच्या एका कोपऱ्यात तिने शेवाळाचं दाट रान करून ठेवलं होतं, त्यात पिल्लं लपायची. सकाळी ती आधी मोठ्यांना भरपूर दाणे टाकायची. मग उकडलेल्या अंड्याचा चिमूटभर बलक मलमलीच्या चिंधीत बांधून पाण्यात दाबायची, आणि पिवळा धूर निघाल्यासारखा तो पिल्लांभोवती पसरायचा.

"मोठ्यांची पोटं भरलेली असली ना, की ती लहानांच्या वाटेला जात नाहीत," ती बटणला सांगायची. "आणि लहानांना मोठ्यांकडे बघून कळतं, काय व्हायचंय ते."

ऑपरेशनसाठी तिला दुसऱ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं होतं, त्याच्या आदल्या दिवशी पिल्लं झाली. अकरा. पापणीच्या केसाएवढी, दोन काळे डोळे आणि बाकी काच. तिने बटणला समोर बसवून चिंधी कशी बांधायची, किती दाबायची, सगळं शिकवलं. निघताना शिंपी रिक्षात सामान ठेवत होता. बायको पायरीवर वाकून मुलीची वेणी घट्ट करत होती.

"मी येईपर्यंत मोठी होऊ नकोस हं," ती म्हणाली. "मला सगळं बघायचंय."

बटणने मान हलवली. खालचा एक दात हलत होता, त्याला ती जिभेने सारखी ढकलत होती.

नवव्या दिवशी बायको गेली. तिची धाकटी बहीण तिथे होती, तिने तिकडचं सगळं निस्तरलं. शिंपी दहाव्या दिवशी बायकोची पिशवी घेऊन एकटाच परतला. बटण शेजाऱ्यांकडे होती. रिक्षाचा आवाज ऐकून ती धावत बाहेर आली, रिक्षात डोकावली, मग बापाकडे पाहिलं.

"आई कधी येणार?"

रस्ताभर त्याने वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही वाक्य तोंडात आलं नाही. वीस वर्षं दारात उभ्या असलेल्या माणसांना जे सांगत आला, तेच त्याच्या तोंडून निघालं.

"अजून दोन दिवस."

बटण म्हणाली, "बरं."

आता, कुणी म्हणेल की दुसऱ्या दिवशी सांगायचं. तोही तेच म्हणत होता. पण दुसऱ्या दिवशी शाळेत तिला चित्राबद्दल शाबासकी मिळाली, त्या आनंदावर पाणी कुठे ओतायचं. तिसऱ्या दिवशी तिला ताप आला. मग गिऱ्हाइकांचा रेटा लागला आणि त्याने मान खाली घातली ती घातलीच. बायकोचा फोटो त्याने टेबलाच्या खणात, कागदी साच्यांच्या खाली ठेवला. शेजारपाजाऱ्यांना हात जोडून सांगितलं, मी सांगेन, तुम्ही कुणी बोलू नका. मेव्हणी महिन्यातून एकदा यायची. बटण अंगणात गेली की दबक्या आवाजात विचारायची, "भावजी, सांगितलं का?"

"सांगतो."

"कधी?"

त्यावर तो मशीन चालवायला लागायचा. उत्तर दोघांनाही माहीत होतं.

बटण मात्र अजिबात रडारड करत नव्हती, हट्टही नाही. सकाळी उठून आधी मोठ्यांना दाणे, मग पिल्लांना चिंधी. शाळेतून आली की टाकीसमोर बसायची. शिंप्याला वाटायचं, पोर सावरतेय. पोरीला सावरायला काही घडलंच नव्हतं, हे तो सोयीने विसरत होता.

पिल्लांकडे त्याचं लक्ष गेलं ते अडीच महिन्यांनी, आणि तेही मासेवाल्यामुळे. बटणला घेऊन तो दाणे आणायला गेला होता. मासेवाल्याने विचारलं, "पिल्लं किती वाचली?"

"अकरा," बटण म्हणाली.

"झाली किती होती?"

"अकरा."

मासेवाला हसला. "मोठ्यांबरोबर ठेवून अकराच्या अकरा? मग रंग आले असतील आता. नर किती, मादी किती?"

बटणने बापाकडे पाहिलं. शिंपी म्हणाला, "रंग नाही आले अजून. बारीकच आहेत."

"बारीक म्हणजे?"

शिंप्याने अंगठ्याच्या नखाने तर्जनीच्या टोकावर माप दाखवलं. मापाच्या बाबतीत तो चुकणारा माणूस नव्हता. मासेवाल्याचं हसू मावळलं.

पुढच्या आठवड्यात मासेवाला स्वतःहून घरी आला. पाण्याचा नमुना घेतला, औषध टाकून रंग पाहिला, पाणी उत्तम होतं. मोठे मासे धडधाकट होते. मग गुडघ्यावर बसून त्याने शेवाळाच्या कोपऱ्याला नाक लावलं आणि बराच वेळ तसाच राहिला. पंप गुरगुरत होता.

"ही केव्हाची म्हणालात?"

"तीन महिने होत आले."

"नाही हो," तो म्हणाला. "नंतर पुन्हा झाली असतील. ही कालची आहेत. फार तर परवाची. पोटाखाली पिवळं दिसतंय ना, जन्माचं? ते दोन दिवसांत जातं." त्याने बोटाने मोजली. अकरा. पुन्हा मोजली. "खुजी राहतात कधी कधी पिल्लं. पण खुजी राहिली तरी म्हातारी दिसतात. ही..." वाक्य त्याने तसंच सोडलं. चहा नको म्हणाला आणि जाताना चपला घालायला त्याला जरा वेळ लागला.

शिंप्याने त्यावर फार विचार केला नाही. मासे ते मासे. त्याच्या डोक्याला कमी ताप होते का?

पाचव्या महिन्यात शाळेचं नवं सत्र आलं आणि दुकानासमोर रांग लागली. तीन दिवस तो नुसती मापं घेत होता. उंची, खांदा, छाती, कंबर, फ्रॉकची लांबी. वहीत मागच्या सत्राच्या मापाशेजारी नवं माप लिहायचं. कुणी इंचभर वाढलेलं, कुणी सव्वा इंच, लंबू तर दोन. चौथ्या दिवशी दुपारी दुकान रिकामं झालं तेव्हा त्याने बटणला हाक मारली. स्वतःच्या पोरीचं माप सगळ्यात शेवटी, हा त्याचा नेहमीचा शिरस्ता.

ती टेबलाशी ताठ उभी राहिली. त्याने टेप लावला, आकडा लिहिला, आणि शेजारचा जुना आकडा पाहून त्याला वाटलं, आपण चुकून जुनाच उतरवला. पुन्हा मोजलं. खांदा मोजला. छाती मोजली. कंबर मोजली. बाही मोजली. पाच मापं, आणि पाचही तंतोतंत.

कापडी टेप ताणतो, तसा तो ताणलाही असेल. म्हणून त्याने कापायच्या टेबलावरची लोखंडी पट्टी काढली. बटणला भिंतीशी उभं केलं, डोक्यावर पुठ्ठा धरला, खडूने रेघ मारली. पट्टीनेही तेच सांगितलं.

तो तिच्यासमोर स्टुलावर बसला आणि कितीतरी महिन्यांनी त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. कपाळावरचे केस तिची आई दर महिन्याला कापायची. आई गेल्यापासून त्या केसांना कुणी कात्री लावली नव्हती. ते भुवयांच्या वर, सरळ रेषेत, कालच कापल्यासारखे होते. त्याने तिचे हात हातात घेतले. नखं आखूड, गोल कापलेली. त्याने कापली नव्हती. त्याला नखं कापायची आठवणच पाच महिन्यांत एकदाही झाली नव्हती.

"आ कर," तो म्हणाला.

तिने तोंड उघडलं. खालचा तो दात अजून तिथेच होता. एका धाग्यावर लोंबत असल्यासारखा हलत होता.

 संध्याकाळीच तो तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी वजन केलं, छाती तपासली, जीभ पाहिली. सगळं ठीक आहे, म्हणाले, काही पोरं थांबून थांबून वाढतात, दूध द्या. दाताबद्दल त्याने विचारलं तेव्हा त्यांनी बोटाने दात हलवून पाहिला आणि म्हणाले, "आज-उद्या पडेल."

घरी आल्यावर बटणने सवयीने टाकीशी बैठक मारली. तो तिच्याशेजारी जमिनीवर बसला. शेवाळात अकरा काळ्या डोळ्यांच्या जोड्या होत्या. फाटक्या आपली तुटकी शेपटी मिरवत त्यांच्यावरून गेला. एकही पिल्लू हललं नाही.

"बटण," तो म्हणाला, "ही पिल्लं वाढत का नाहीत गं?"

"थांबलीयेत."

"कशासाठी?"

तिने बापाकडे अशा नजरेने पाहिलं, जशी ती सोपी बेरीज चुकणाऱ्या मुलाकडे पाहत असेल.

"आईने सांगितलंय ना, मी येईपर्यंत मोठं व्हायचं नाही. मी त्यांनाही सांगितलं." मग जरा थांबून, "कठीण असतं बाबा. विसरून चालत नाही. दाताला तर सारखं धरून ठेवावं लागतं."

त्या क्षणी शिंप्याला काय वाटलं, ते सांगणं अवघड आहे. त्याचा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता. तो इंचांत आणि सुतांत विचार करणारा माणूस. पण इंच आणि सूत आता त्याच्या विरुद्ध साक्ष देत होते. आणि सगळ्यात जास्त त्याला लाज वाटली. हे पोर पाच महिने जीव मुठीत धरून एका माणसाची वाट पाहत होतं, आणि ते माणूस येणार नाही हे फक्त तिलाच माहीत नव्हतं.

तरी त्याने आणखी आठ दिवस घालवले. भित्रा होता, दुसरं काय.

रविवारी दुपारी त्याने दुकान अर्धं बंद केलं. बाहेर लख्ख ऊन होतं. बटण चिंधी धुऊन वाळत घालत होती. त्याने तिला मांडीवर घेतलं. ती जेवढी असायची तेवढीच भरली, हेही त्याच्या लक्षात आलं.

"आई येणार नाही, बटण."

"दोन दिवसांनी?"

"नाही. कधीच नाही. आई वारली."

 पंपाचा आवाज येत होता.

"कधी?"

"मी परत आलो ना, त्याच्या आदल्या दिवशी."

ती मनातल्या मनात काहीतरी जुळवत असावी. तिचे ओठ हलत होते.

"मग तू दोन दिवस म्हणालास, तेव्हा?"

"तेव्हा ती नव्हती. मी खोटं बोललो."

"म्हणजे मी उगाच थांबले."

शिंप्याला रडू फुटलं. ती त्याच्या मांडीवरून उतरली आणि टाकीपाशी गेली. काचेला तोंड लावून ती हळू आवाजात बोलत होती. त्याला शब्द ऐकू आले नाहीत. बोलणं संपल्यावर ती परत आली, त्याच्या शर्टात तोंड खुपसलं आणि पाच महिन्यांचं एकदम रडली.

संध्याकाळी जेवताना ताटात टक् असा आवाज झाला. दात पडला होता.

शिंप्याने तो उचलला आणि मुठीत धरून बसला. त्याचा जीव भांड्यात पडला.

त्यानंतर पोर वाढू लागली. आठवड्यात केस डोळ्यांवर आले. नखं कापावी लागली. फ्रॉकचा घेर गुडघ्याच्या वर सरकला. शिंप्याने दुमड उसवली, अडीच इंचांतला एक इंच बाहेर काढला, आणि त्या इस्त्रीने न बसणाऱ्या जुन्या घडीवर हात फिरवताना त्याला पुन्हा रडू आलं, पण ते वेगळं. रात्री तिला आईची आठवण यायची, ती रडून झोपायची, सकाळी आणखी जराशी लांब होऊन उठायची. त्याने बायकोचा फोटो खणातून काढून टाकीच्या वर लावला.

पिल्लंही वाढली. पोटाखालचं पिवळं दोन दिवसांत गेलं. तीन आठवड्यांत सहा नर निघाले, पाच माद्या. नारिंगी, निळ्या शेपट्या. ती शेवाळातून बाहेर आली आणि सगळी टाकी त्यांची झाली.

तीन आठवड्यांत बटण दीड इंच वाढली. राहिलेली वाढ भरून निघाली, असं तो म्हणाला. आणखी तीन आठवडे गेले. आणखी दीड इंच.

मासेवाल्याला ही आनंदाची बातमी त्याने स्वतः जाऊन सांगितली. मासेवाला जाळी आणि पिशवी घेऊन आला, जास्तीचे नर घेऊन जाणार होता. टाकी पाहून तो खूश झाला.

"आता कशी झाली! बघा, म्हटलं नव्हतं मी, वेळ लागतो." मग तो शेवाळाकडे वाकला. "अरे, नवीन पिल्लंही झाली की."

"नाही," बटण म्हणाली.

"ही काय मग?"

शिंपी जवळ गेला. शेवाळात पापणीच्या केसाएवढं काहीतरी हललं. मग दुसरं. त्याने मोजली. सात.

टाकीत मोठे मासे त्याने मोजले. अकरा.

 एक पिल्लू शेवाळातून बाहेर आलं होतं आणि काचेजवळ, अगदी त्याच्या नाकासमोर, उभं होतं. ते नारिंगी होतं. कालच्या पिल्लाला रंग नसतो, काचेसारखं असतं. हे गडद, जुन्या रंगाचं नारिंगी होतं. आणि त्याच्या टीचभरही नसलेल्या शेपटीचा एक कोपरा तुटलेला होता.

मासेवाल्याने हातातली जाळी खाली ठेवली. ती न्यायला तो पुन्हा कधी आला नाही.

बटण स्वयंपाकघरातून चिंधी घेऊन आली. आधी तिने अकरा माशांना मूठभर दाणे टाकले. ते खाऊन सुस्तावेपर्यंत थांबली. मग चिंधी शेवाळाजवळ नेऊन हलकेच दाबली.

"यांना आता बलकच लागतो," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिंपी शिवायला बसला आणि त्याने स्टूल पुढे ओढलं. ओढल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की काल संध्याकाळीही आपण ते ओढलं होतं. आणि गेल्या आठवड्यातही. मशीनच्या पायडलवर त्याची फक्त बोटं टेकत होती.

त्याने आपल्या शर्टाच्या बाह्यांकडे पाहिलं. शर्ट त्याने स्वतः शिवला होता, मनगटाच्या हाडावर बरोबर बसणारा. कफ बोटांच्या पेरांपर्यंत आला होता.

टेप गळ्यातच होता. त्याने तो काढला नाही.

महिनाअखेरीला मेव्हणी आली. बटणला पाहून तिने गालावर हात ठेवले. "अगं बाई, केवढी झालीस! आठ वर्षांची दिसतेस!" मग ती भावजींकडे वळली आणि तिचं बोलणं थांबलं. ती ठेंगणी होती. इतकी वर्षं त्याच्याशी बोलताना मान वर करायची तिला सवय होती. आता तिची नजर आपोआप वर गेली, तिथे काही सापडलं नाही, आणि मग ती खाली आली.

"भावजी," ती म्हणाली, "तुम्ही नीट जेवता ना?"

"जेवतो की."

"नक्की?"

"अगं, पोरगी सांगेल तुला. तिच्याबरोबरच जेवतो."

 जाताना तिने बटणला जवळ घेतलं तसं, नकळत, त्याच्याही डोक्यावरून हात फिरवला, आणि स्वतःच दचकून हात मागे घेतला.

त्या दुपारी शिंप्याने बटणसाठी नवा फ्रॉक कापायला घेतला. जुन्यातलं राखलेलं कापड संपलं होतं. निळं कापड टेबलावर पसरून त्याने खडूने रेघ मारली. मग जरा विचार करून ती रेघ पुसली आणि चार इंच खाली दुसरी मारली. त्याला बायकोची आठवण आली. ती असती तर या वाढीतलं निम्मं तिने दिलं असतं. दोघांत वाटून गेलं असतं आणि कुणाच्या ध्यानातही आलं नसतं. बाकीच्या घरांत तसंच होत असेल. इथे सगळं एकट्यानेच द्यायचं होतं, आणि तो जो उशीर झाला, तोही त्याच्याच तोंडाने झाला होता.

बटण टेबलाच्या पलीकडे येऊन उभी राहिली. तिची हनुवटी आता टेबलाच्या कडेच्या वर दिसत होती. तिने त्याच्या दुमडलेल्या बाह्या पाहिल्या, एकदा, दोनदा, तीनदा दुमडलेल्या.

"बाबा."

"हं."

"मला थांबता येतं. तुला माहितीये."

त्याची कात्री थांबली. त्याने वर पाहिलं. पोरीचे डोळे आईचे होते आणि ती खरंच विचारत होती. तो हो म्हणाला असता तर ती तिथल्या तिथे थांबली असती, पुन्हा, कितीही दिवस.

"नाही," तो म्हणाला. "थांबायचं नाही. तू वाढ."

"पण तू—"

"माझ्याकडे अजून बरंच आहे."

तिने जरा वेळ विचार केला. मग मान हलवली, आत गेली आणि लहान पाटासारखं काहीतरी सरकवत घेऊन आली. शाळेच्या पुस्तकांचं खोकं होतं. वाकून तिने ते मशीनखाली, पायडलवर ठेवलं, त्याला स्टुलावर बसवलं, त्याचे पाय उचलून त्यावर ठेवले आणि टेकतात का ते पाहिलं.

"टेकतात," तो म्हणाला, आणि शिवायला लागला.